समुद्रावरील हाक

माणूस संकटात सापडला की प्रथम हाक मारतो. विहिरीत पाय घसरलेल्याची हाक पाणंदीने जाणारा वाटसरू ऐकतो. रात्री घराला आग लागली तर आरोळीसरशी सारी आळी घागरी घेऊन धावते. जमिनीवरचा शेजारधर्म या हाकेच्या टप्प्यातच वाढला आहे. समुद्रावर मात्र शेकडो वर्षे माणसाला ही सोय नव्हती. किनारा दृष्टीआड झाला की जहाजाचे जग त्याच्या क्षितिजाएवढेच राही. दिवसा निशाण आणि रात्री दिवा जेवढ्या अंतरावरून दिसेल, धुक्यात घंटेचा किंवा तोफेचा आवाज जेथवर पोचेल, तेवढीच त्याच्या हाकेची धाव. त्यापलीकडे जे घडे ते कोणाला कळत नसे. उतारूंच्या आगबोटींचा इतिहास अनेक बाजूंनी सांगता येतो. मी आज तो एकाच बाजूने सांगणार आहे. बुडत्या जहाजाची हाक आणि ती ऐकणारा कान, या दोहोंचे नाते कसे जुळत गेले, हे मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

१८३८ च्या एप्रिल महिन्यात 'सिरियस' आणि 'ग्रेट वेस्टर्न' या दोन आगबोटी एका दिवसाच्या अंतराने न्यूयॉर्क बंदरात शिरल्या. वाऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या शिडाच्या जहाजांना इंग्लंडहून अमेरिकेस जाण्याला पाच-सहा आठवडे लागत. 'ग्रेट वेस्टर्न'ने ते अंतर पंधरा दिवसांत तोडले. दोन वर्षांनी सॅम्युएल क्युनार्ड यांच्या 'ब्रिटानिया'ने अटलांटिकवर टपालाची नियमित फेरी सुरू केली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या बोटींचा आफ्रिकेचा वळसा वाचला. समुद्राला वेळापत्रक लागले. पण वेळापत्रकाबरोबर एक नवी चिंताही आली. शिडाचे जहाज महिनाभर उशिरा आले तरी लोक वाऱ्याला बोल लावून स्वस्थ बसत. आगबोट चार दिवस उशिरा झाली की कंपनीच्या कचेरीपुढे नातलग जमत, आणि 'अजून वार्ता नाही' एवढे उत्तर घेऊन परतत.

कित्येकांना ती वार्ता कधीच मिळाली नाही. १ मार्च १८५४ रोजी 'सिटी ऑफ ग्लासगो' ही आगबोट ४८० माणसांना घेऊन लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाकडे निघाली आणि समुद्रावर नाहीशी झाली. असाच एक घाव आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही बसला आहे. १८८८ च्या नोव्हेंबरमध्ये 'वैतरणा' नावाची आगबोट कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे येण्यास निघाली. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला कौतुकाने 'वीजळी' म्हणत. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ ती वादळात सापडली आणि तिच्यावरील माणसांसह गडप झाली. सातशेहून अधिक जीव तिच्याबरोबर गेले असे मानतात. त्यांत लग्नाची वऱ्हाडे होती, परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विद्यार्थी होते, असे लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. गुजरातीत तिच्यावर विलापगीते रचली गेली. तिचा सांगाडा सापडला नाही. विजेच्या दिव्यांनी झगमगणाऱ्या त्या बोटीपाशी आपले संकट कोणाला कळविण्याचे साधन मात्र एकही नव्हते.

ते साधन पुढच्या दहा-बारा वर्षांत हाती आले. गुग्लिएल्मो मार्कोनी या तरुण इटालियन संशोधकाने तारेवाचून संदेश पाठविण्याचे यंत्र व्यवहारात आणले. १८९९ साली इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळील गुडविन वाळूपट्ट्यावरच्या दीपनौकेने या यंत्राने किनाऱ्याला संकटाचा निरोप धाडला. १२ डिसेंबर १९०१ रोजी तर इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघालेली खूण अटलांटिकपार न्यूफाउंडलंडमध्ये ऐकू आल्याचे मार्कोनीने जाहीर केले. हळूहळू मोठ्या उतारू-बोटींवर एक लहानशी खोली उभी राहू लागली. तीत टेबलावर यंत्र असे आणि कानाला श्रवणयंत्र लावून बसलेला वीस-बावीस वर्षांचा एखादा तरुण. तो बहुधा बोटीच्या कंपनीचा नोकर नसे. यंत्र पुरविणारी कंपनीच त्याला पगार देई. आणि श्रीमंत उतारूंनी आप्तेष्टांना पाठविलेले क्षेमकुशल, व्यापाऱ्यांचे बाजारभाव, हे त्याचे मुख्य काम समजले जाई. संकटाची हाक हा त्या यंत्राचा जोडधंदा होता.

या हाकेचे बळ जगाला प्रथम पटले ते १९०९ साली. २३ जानेवारीच्या पहाटे अमेरिकेच्या नॅंटकेट बेटाजवळ दाट धुक्यात 'रिपब्लिक' या बोटीवर 'फ्लोरिडा' ही इटालियन बोट आदळली. 'रिपब्लिक'च्या बिनतारी खोलीची भिंत फुटली, दिवे गेले. जॅक बिन्स या यंत्रचालकाने त्या अंधारात, कडाक्याच्या थंडीत, घट्यांवर यंत्र चालवून त्या काळची संकटाची खूण, 'सी क्यू डी', पाठविण्यास आरंभ केला आणि तासन् तास तो जागेवरून हलला नाही. त्याच्या संदेशांच्या आधाराने 'बाल्टिक' बोट धुक्यात चाचपडत येऊन पोचली. टकरीच्या क्षणी जे दगावले ते थोडके. दीड हजारांच्या आसपास माणसे सुखरूप किनाऱ्याला लागली. त्याच वर्षी जुलैच्या २६ तारखेला 'वाराता' ही नवी कोरी बोट २११ माणसांना घेऊन दक्षिण आफ्रिकेतील डरबनहून केपटाउनकडे निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बोटीला ती दिसली, दोघींनी दिव्याने एकमेकींची विचारपूस केली, आणि त्यानंतर तिचे काय झाले ते कोणास ठाऊक नाही. 'वाराता'वर बिनतारी यंत्र नव्हते. सहा महिन्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना शेजारी ठेवल्या की आणखी काही सांगण्याची गरज उरत नाही.

अमेरिकेने १९१० साली कायदा करून पन्नास किंवा अधिक माणसे नेणाऱ्या महासागरी बोटींवर बिनतारी यंत्र सक्तीचे केले. प्रश्न सुटला असे लोकांना वाटले. हाक मारण्याची सोय झाली होती. परंतु हाक ऐकण्याची सक्ती कोणावरही नव्हती, आणि ही उणीव लक्षात येण्यासाठी 'टायटॅनिक' बुडावी लागली.

'टायटॅनिक'ची कथा आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. १० एप्रिल १९१२ रोजी ती साउदॅम्प्टनहून निघाली; १४ तारखेच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी हिमनगाला घासली; दोन तास चाळीस मिनिटांनी तिला जलसमाधी मिळाली. सुमारे २,२०० माणसांपैकी दीड हजार गेली. तिच्यावरच्या वीस होड्यांत ११७८ माणसांपुरतीच जागा होती, आणि तेवढ्या होड्या ठेवूनही तिने कायदा मोडला नव्हता. होड्यांविषयीचा नियम १८९४ सालचा होता. दहा हजार टनांवरील बोटींचा वेगळा विचार त्यात नव्हता. 'टायटॅनिक' होती ४६ हजार टनांची. होड्यांचा हा हिशेब सर्वांना पाठ आहे. त्या रात्रीचा दुसरा हिशेब कानांचा होता.

'टायटॅनिक'च्या बिनतारी खोलीत दोन तरुण होते, जॅक फिलिप्स आणि हॅरल्ड ब्राइड. त्यांचे यंत्र आदल्या रात्री बिघडले होते. पहाटेपर्यंत खपून दोघांनी ते दुरुस्त केले. तोवर उतारूंच्या निरोपांचा ढीग साचला होता, आणि १४ तारखेच्या रात्री फिलिप्स तो न्यूफाउंडलंडच्या केप रेस केंद्राकडे भराभर पाठवीत होता. अकराच्या सुमारास त्याच्या कानात कर्कश आवाज घुसला. जवळच 'कॅलिफोर्नियन' नावाची मालवाहू बोट बर्फाने वेढली जाऊन थांबली होती, आणि तिचा यंत्रचालक सिरिल इव्हान्स ती खबर देत होता. जवळच्या यंत्राचा आवाज मोठा. केप रेसचे बारीक शब्द त्यात बुडाले. फिलिप्सने त्रासून त्याला गप्प राहण्यास सांगितले. इव्हान्स सकाळपासून कामावर होता, आणि 'कॅलिफोर्नियन'वर तो एकटाच यंत्रचालक होता. साडेअकरानंतर त्याने यंत्र बंद केले आणि तो झोपी गेला. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत 'टायटॅनिक' हिमनगावर गेली.

मध्यरात्रीनंतर फिलिप्सची बोटे जी हाक मारू लागली ती शेकडो मैलांवरच्या बोटींना आणि न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याला ऐकू गेली. दहा ते वीस मैलांच्या टप्प्यात असलेली 'कॅलिफोर्नियन' तेवढी बहिरी होती. तिच्यावर पहाऱ्यास असलेल्या अधिकाऱ्याने दूरच्या बोटीवरून पांढरे प्रकाशबाण उडताना पाहिले. एक नव्हे, आठ पाहिले. कप्तान स्टॅन्ली लॉर्ड यांना ते कळविलेही. दिव्याने खुणा करून पाहिल्या, उत्तर आले नाही. त्या दूरच्या दिव्यांचा अर्थ काय असावा यावर तेथे तर्क होत राहिले, आणि काही पावलांवर झोपलेल्या इव्हान्सला उठवून यंत्र कानाला लावण्यास सांगावे, हे पहाटेपर्यंत कोणालाही सुचले नाही. साडेपाचच्या सुमारास त्याला उठवले तेव्हा काही मिनिटांतच सारे कळले. 'कॅलिफोर्नियन' वेळेवर निघती तर किती जीव वाचते, यावर पुढे शंभर वर्षे वाद झाले आहेत. त्या वादात मी पडत नाही. एक गोष्ट वादातीत आहे: मदतीला जायचे की नाही हे ठरविण्याची वेळसुद्धा त्या बोटीवर आली नाही, कारण हाकच तिथवर पोचली नव्हती.

दुसरीकडे सुमारे ५८ मैलांवर 'कार्पेथिया' होती. तिच्यावरही हॅरल्ड कॉटम हा एकच यंत्रचालक होता. तोही झोपण्याच्या तयारीत होता. कपडे उतरवीत होता. दुसऱ्या एका बोटीकडून यायच्या उत्तराची वाट पाहत त्याने श्रवणयंत्र तेवढे कानावर ठेवले होते. ते उत्तर आले नाही. मग केप कॉडच्या केंद्रापाशी 'टायटॅनिक'साठी निरोप साचले आहेत, एवढे सांगून निजावे म्हणून त्याने तिला साद घातली, आणि उत्तरादाखल संकटाची हाक ऐकली. कप्तान आर्थर रॉस्ट्रन यांनी अंथरुणातून उठता उठता बोट वळविण्याचा हुकूम दिला आणि बातमी खरी आहे ना, हे त्यानंतर विचारले. सारी वाफ यंत्रांना मिळावी म्हणून उतारूंच्या खोल्यांची ऊब तोडली, पहारे वाढविले, आणि हिमनगांमधून वाट काढीत 'कार्पेथिया' पहाटे चारच्या सुमारास येऊन पोचली. होड्यांतून सातशेहून अधिक माणसे तिने वर घेतली. ब्राइड त्यांत होता; शेवटपर्यंत यंत्रापाशी राहिलेला फिलिप्स परत आला नाही. दोन बोटी, दोघींवर एकेक थकलेला तरुण. एक वेळेवर झोपला, दुसरा थोडा उशिरा. आपले कर्तव्य दोघांपैकी कोणीही चुकविले नव्हते. सातशे माणसांचे प्राण एका तरुणाच्या लांबलेल्या जागरणावर टांगलेले होते, ही गोष्ट त्या पिढीला हादरवून गेली.

नोव्हेंबर १९१३ मध्ये लंडनला तेरा राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले, आणि २० जानेवारी १९१४ रोजी समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेविषयी पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. प्रत्येक माणसाला होडीत जागा हवी, उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांवर पहारा हवा, ही कलमे त्यात होती. माझ्या दृष्टीने त्याचे सर्वांत मोठे कलम ऐकण्याविषयीचे होते. मोठ्या उतारू-बोटींवर बिनतारी यंत्रापाशी अहोरात्र कोणीतरी जागे असलेच पाहिजे, असे राष्ट्रांनी ठरविले. युद्ध पेटल्यामुळे करार ठरल्या वेळी अमलात आला नाही. पण त्याचे तत्त्व टिकले आणि १९२९ व १९४८ च्या करारांत पक्के झाले. शेजारधर्म कायद्याच्या भाषेत लिहिला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

कायदा झाला म्हणून माणसाचा स्वभाव बदलत नाही, हेही समुद्राने दाखवून दिले. १९२८ च्या नोव्हेंबरमध्ये 'व्हेस्ट्रिस' ही बोट न्यूयॉर्कहून दक्षिण अमेरिकेकडे निघाली आणि वादळात एका बाजूला कलू लागली. यंत्र होते, यंत्रचालक होते, ऐकणारे कानही सर्वत्र जागे होते. परंतु कप्तानाने हाक मारण्यासच विलंब लावला. बोट कलंडू लागल्यानंतर कित्येक तासांनी, १२ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास, 'एस ओ एस' गेला. दुपारी बोट बुडाली. शंभराहून अधिक माणसे गेली आणि बोटीवरचे एकही मूल वाचले नाही. ऐकणारा जागा असावा लागतो, तसा मारणाऱ्यालाही वेळेवर कंठ फुटावा लागतो.

दोन्ही गोष्टी जुळून आल्या म्हणजे काय होते ते १९५६ साली दिसले, आणि तेही 'रिपब्लिक' बुडाली त्याच नॅंटकेटच्या समुद्रात. २५ जुलैच्या रात्री धुक्यात 'आंद्रेआ दोरिया' या इटालियन बोटीला 'स्टॉकहोम' ही स्वीडिश बोट धडकली. दोन्ही बोटींवर रडार होते. नवे यंत्र होते, ते वाचण्यात चूक झाली. 'आंद्रेआ दोरिया' इतकी कलली की तिच्या निम्म्या होड्या पाण्यात सोडताच येईनात. कागदावर सर्वांना पुरेशा असलेल्या होड्या ऐनवेळी अपुऱ्या पडल्या. पण हाक ताबडतोब गेली होती. युरोपकडे निघालेली 'ईल द फ्रांस' ही फ्रेंच बोट चाळीस-पंचेचाळीस मैलांवरून मागे फिरली आणि सारे दिवे लावून धुक्यातून पुढे आली. तिने एकटीने साडेसातशे माणसे उचलली. दोन्ही बोटींवर मिळून ५१ जण गेले; 'आंद्रेआ दोरिया'वरील १,६०० हून अधिक माणसे वाचली.

येथवरच्या कथेने मनाला समाधान वाटते. परंतु हे सारे करार महासागर ओलांडणाऱ्या, एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या बोटींचे होते. त्यांच्यावरून गोरगरीब स्थलांतरितांबरोबर लक्षाधीशही जात असत आणि त्यांच्या मृत्यूची बातमी जगभर होत असे. आपल्याच देशाच्या किनाऱ्याने बाजारहाटाची माणसे नेणाऱ्या लहान बोटी या छत्राखाली नव्हत्या. त्या दृष्टीने 'आंद्रेआ दोरिया'च्या नऊ वर्षे मागे जाऊन आपल्या मुंबई बंदराकडे पाहावे.

१७ जुलै १९४७ ची सकाळ. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' ही आगबोट खाडीपलीकडच्या रेवस बंदराकडे निघाली. मुंबईत पोटासाठी राहणारी आणि सणासुदीला, सुगीला, आजारपणाला गावाकडे धाव घेणारी कुलाबा जिल्ह्यातील माणसे अशा बोटींनीच जात-येत. दिवस पावसाळ्याचा, समुद्र खवळलेला. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटांनी बोट कलली, भ्यालेले उतारू एका बाजूला लोटले गेले आणि पाहता पाहता 'रामदास' उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. रेवसचा प्रवास तो केवढा! मुंबईपासून हे ठिकाण काही मैलांवर आहे. तरीही दुपारपर्यंत मुंबईला याचा पत्ता नव्हता, कारण 'रामदास'वर बिनतारी यंत्र नव्हते. 'रिपब्लिक'नंतर अडतीस वर्षांनी, जगातील मोठ्या बंदरांपैकी एका बंदराच्या तोंडाशी, माणसे 'वीजळी'च्या उतारूंसारखीच बिनहाकेची मेली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांच्या होड्या वाटेत भेटल्या. त्यांनी बुडणाऱ्यांना ओढून वर घेतले. जे वाचले त्यांतले बरेचसे या कोळ्यांमुळे. त्या सकाळी जी हाक ऐकली गेली ती यंत्रावाचून, माणसाच्या कानांनी.

मोर्स यंत्राचे युग आता संपले आहे. १ फेब्रुवारी १९९९ पासून जगभर नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली. संकटाची खूण आज उपग्रहामार्फत काही क्षणांत किनाऱ्यावर पोचते, आणि आपल्याकडे तटरक्षक दलाच्या मुंबईसारख्या केंद्रांत ती ऐकण्यासाठी रात्रंदिवस माणसे बसलेली असतात. परंतु जुन्या व्यवस्थेतील एक प्रथा मला फार मोलाची वाटते. बिनतारी खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर दोन लाल पट्टे रंगविलेले असत: एक पंधराव्या मिनिटापासून अठराव्यापर्यंत, दुसरा पंचेचाळिसाव्यापासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत. काटा त्या लाल पट्ट्यात शिरला की संकटाच्या हाकेसाठी राखलेल्या लहरीवर सर्व समुद्रांतील सर्व बोटींनी आपले बोलणे थांबवावयाचे, असा नियम होता. बाजारभाव थांबत, क्षेमकुशल थांबे. दर तासाला दोन वेळा, तीन-तीन मिनिटे, सारे यंत्रचालक गप्प बसून ऐकत. दूर कोठे एखाद्या क्षीण यंत्राचे तीन ठिपके, तीन रेघा, तीन ठिपके उमटतात काय, एवढेच ऐकत.

बहुतेक वेळा त्या तीन मिनिटांत काहीच ऐकू येत नसे. तरीही पुढच्या अर्ध्या तासाने काटा लाल पट्ट्यावर आला की ते पुन्हा गप्प होत आणि पुन्हा कान देत.